'गोवा ट्रान्सचं पुनरुज्जीवन' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: "नव्वदीतल्या गोवा ट्रान्सवर एक लेख लिहितोय. ते जुनं संगीत आता परत त्याच पद्धतीनं बनवतात, त्याला सगळे 'रिव्हायव्हल' म्हणतात. मी 'गोवा ट्रान्सचं पुनरुज्जीवन' असं लिहिलं तर मित्र म्हणाला 'गोमंतकीय ट्रान्सचं पुनरागमन' लिही, जास्त मराठी वाटेल. कुठलं बरोबर? आणि 'ओल्ड स्कूल'ला काय म्हणू?"

पुनरुज्जीवन आणि पुनरागमन दोन्ही शब्द चांगले आहेत पण ते दोन वेगळ्या गोष्टींना लागतात, आणि इथे त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्यात म्हणून गोंधळ होतो. 'गोमंतकीय' मात्र काढूनच टाका, आधी त्याचंच सांगतो.

गोवा ट्रान्स म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या रात्रभराच्या पार्ट्यांत घडलेलं, नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. पण गोमंतकीय संगीत म्हटलं की मराठी वाचकाला मांडो आठवतो, धालो, फुगडी आठवते, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आठवतात. म्हणजे गोव्याच्या माणसांनी केलेलं, गोव्याच्या मातीतलं. गोवा ट्रान्स तसा नाही. तो घडला गोव्यातच, हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर (हणजूण म्हणजे बाहेरचे लोक ज्याला अंजुना म्हणतात ते), पण घडवणारे बहुतेक बाहेरून आलेले. ऐंशीच्या दशकात लॉरां, फ्रेड डिस्को असे फ्रेंच डीजे तिथे कॅसेटवर पार्ट्या वाजवायचे, युरोपातून आणलेलं न्यू बीट, इंडस्ट्रियल, इलेक्ट्रॉनिक असं जे हाताला लागेल ते, आणि त्यातला गाणारा आवाज काढून टाकायचा, नुसता वाजणारा भाग जोडून जोडून लांबवायचा, म्हणजे नाचणाऱ्याचं लक्ष शब्दांकडे जाऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोहून १९७० च्या सुमारास आलेला गोवा गिल तर ते नावच लावून जगभर फिरला, २०२३ मध्ये गेला. गावच्या लोकांचा वाटा होता तो वेगळा, रात्रभर चटया पसरून, रॉकेलचे दिवे लावून चहा आणि ऑम्लेट विकणाऱ्या बायका त्या पार्ट्यांचा कणा होत्या, 'चाय मामा' म्हणून परदेशी लोकांच्या आठवणींत त्या सगळीकडे सापडतात. पण संगीत त्यांचं नव्हतं, त्यामुळे 'गोमंतकीय ट्रान्स' लिहिलंत की वाचकाला वाटणार कुणी गोंयकार मंडळींनी केलेला प्रकार आहे, आणि ते खरं होणार नाही.

आणि नाव तर आणखी लांब जाऊन पक्कं झालं. लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय (१९९३), टिप (१९९४) अशी लेबलं (म्हणजे संगीत काढणाऱ्या कंपन्या) निघाली, गोव्याच्या पार्ट्यांत नाचून परत गेलेल्या लोकांनी तिकडे स्टुडिओत ट्रॅक बनवायला सुरुवात केली आणि दुकानात सीडी कुठल्या कप्प्यात ठेवायची या गरजेतून 'गोवा ट्रान्स' हा शिक्का बसला. तोपर्यंत किनाऱ्यावर ते नुसतं पार्टीत वाजतं ते म्युझिक होतं. पुढे जर्मनीत तर कमाल झाली, तिथे 'गोवा' हे चक्क सामान्यनाम झालं, जर्मन पोरं वीकएंडला 'एका गोव्याला' जातात म्हणजे जवळच्या जंगलात किंवा हॉलमध्ये असलेल्या ट्रान्स पार्टीला जातात, वाजणारं म्युझिक कुठल्याही प्रकारचा सायकेडेलिक ट्रान्स असो. गावाच्या नावाचं सामान्यनाम होणं भाषेला नवं नाही पण आपल्या शेजारच्या गोव्याचं जर्मनमध्ये असं व्हावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर 'गोवा ट्रान्स'मधला गोवा हा पत्ता राहिलेला नाही, ती शैली आहे. आणि शैलीला गावाचं नाव द्यायची रीत आपल्याकडे तबल्यात, सतारीत पूर्वीपासून आहे, शब्द आहे 'बाज'. दिल्ली बाज, पूरब बाज. दिल्ली बाज वाजवणारा माणूस दिल्लीत बसलेला असावा लागत नाही, बोटं कशी पडतात, बोल कसे निघतात त्यावरून बाज ठरतो. बोलण्यातही आपण 'लावणीच्या बाजाचं गाणं' सहज म्हणतो. म्हणून माझी पहिली शिफारस हीच, 'ओल्ड स्कूल गोवा' असं जिथे येईल तिथे 'जुन्या गोवा बाजाचा ट्रान्स' लिहा. 'जुन्या वळणाचा' सुद्धा छान आहे, थोडा घरगुती आहे इतकंच. 'जुन्या शाळेचा' कृपा करून नको, त्यातून मराठीत शाळेची इमारतच दिसते. 'घराणं' म्हणायचा मोह होतो तोही टाळा, घराण्यात गुरूसमोर बसून शिकणं येतं, आणि आज हा बाज वाजवणारी मंडळी सीड्या ऐकून ऐकून शिकलेली आहेत, अनेकांनी तर नव्वदीतला गोवा पाहिलेलाही नसणार.

बाज म्हणायचं तर मग त्यात कानाला नेमकं काय ओळखू येतं हे लेखात सांगावंच लागेल, नाहीतर शब्द पोकळ राहील. मिनिटाला साधारण १४० च्या आसपास ठोके, एकसारखी किक (ड्रमचा तो खालचा धप्प ठोका), आणि तिच्यावर प्रत्येक ठोक्याला चार स्वर अशा सतत धावणाऱ्या सिंथेसायझरच्या ओळी, एक सुरू झाली की तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आठ-नऊ मिनिटांच्या ट्रॅकमध्ये शेवटी शेवटी इतके थर साचतात की कान एक धरायला गेला की दुसरा निसटतो. त्यातली एखादी ओळ हमखास टीबी-३०३ ची, रोलंडचं ते छोटं बास मशीन, फिल्टर उघडत नेला की त्याचा आवाज गुळगुळीतचा एकदम चरचरीत होतो. आणि चाल! चाल हा या बाजाचा जीव आहे, षड्जाला चिकटलेला कोमल रिषभ आणि लगेच शुद्ध गंधार, त्या फटीत ती चाल घुटमळत राहते. पाश्चात्त्य लोक ज्याला फ्रिजियन डॉमिनंट म्हणतात ते स्वर म्हणजे आपल्या बसंतमुखारीचेच स्वर, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नी. राग नाही हं, नुसते स्वर, चलन वगैरे काही नाही, आणि ते सगळं भारतातूनच गेलं असंही लिहू नका, कारण अरबी आणि ज्यू संगीतात हे स्वर मुरलेले आहेत आणि अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शनसारखी इस्रायली मंडळी या बाजाच्या अगदी मध्यभागी होती.

ट्रॅकच्या सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट ठोका नसलेलं, नुसतं तरंगणारं काहीतरी असतं ना, त्यालाही कारण आहे आणि ते मला फार आवडतं. गोव्याच्या उन्हात, धुळीत विनाइल तबकड्या वाकतात, खराब होतात, म्हणून नव्वदीत तिथले डीजे डॅट टेप वापरायचे, सोनीनं १९८७ मध्ये आणलेली छोटी डिजिटल टेप. पण बहुतेक डॅट मशीनवर वेग कमीजास्त करायची सोय नव्हती, त्यामुळे दोन ट्रॅकचे ठोके जुळवून मिसळणं अवघड, मग आधीच्या ट्रॅकच्या विरत जाणाऱ्या शेवटावर पुढच्याची ठोका नसलेली सुरुवात अलगद ठेवायची. हवामानानं यंत्र ठरवलं आणि यंत्रानं रचनेचा आकार ठरवला. आज बेल्जियममध्ये लॅपटॉपवर ट्रॅक करणाऱ्याला यातली काही अडचण नाही तरी तो तशीच सुरुवात करतो, आणि 'बाज' हा शब्द इथे बरोबर बसतो असं मला वाटतं ते याचसाठी.

आता रिव्हायव्हल. हॅल्युसिनोजेनचा 'ट्विस्टेड' हा अल्बम १९९५ चा, इटालियन प्लीयेडियन्सचा 'आय. एफ. ओ.' १९९७ चा, हा या बाजाचा भराचा काळ. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत बनवणाऱ्यांनीच दिशा बदलली, थर कमी केले, चाल जवळजवळ सोडली, बास आणि किक पुढे आले, आवाज कोरडा आणि काळपट झाला, आणि त्याला नुसतं सायट्रान्स (सायकेडेलिक ट्रान्सचं छोटं रूप) म्हणायला लागले. गोवा गिलसुद्धा पुढे जास्त अंधाऱ्या, वेगवान म्युझिककडे गेला, म्हणजे नावात गोवा असलेला माणूसच या बाजात थांबला नाही. आणि खुद्द गोव्यात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे लाऊडस्पीकर बंद केले, रात्रभर चालून सकाळच्या उन्हात संपणाऱ्या पार्टीची जागाच आक्रसली. मग साधारण २००४ पासून वारं परत फिरलं. बेल्जियममध्ये सनट्रिप नावाचं लेबल त्याच वर्षी निघालं, फक्त या बाजासाठी. त्यांनी २००५ मध्ये फ्रेंच केटझालचा 'कोरोल' हा अल्बम काढला, २००६ मध्ये स्वीडनच्या फिल्टेरियाचा 'हेलिओपोलिस', पुढे रोमानियाचे ई-मंत्र आणि आर्टिफॅक्ट ३०३ आले, क्रोएशियातून निओगोवा हे लेबल इंटरनेटवर फुकट अल्बम द्यायला लागलं. त्याच काळात दुसरीकडे नव्वदीतले जुने ट्रॅक नव्यानं मास्टर करून (म्हणजे आवाज साफसूफ करून), किंवा डॅटवर नुसतेच पडून राहिलेले बाहेर काढून परत छापायला सुरुवात झाली, आणि जुने कलाकार आपलेच जुने ट्रॅक घेऊन स्टेजवर परत उभे राहायला लागले.

बघा, इथे दोन गोष्टी झाल्या. जुनं तेच परत आलं, ही एक. आणि नव्या माणसांनी त्या रीतीत नवं केलं, ही दुसरी. पहिलीला 'पुनरागमन' चालेल. गणपती विसर्जनाला आपण 'पुनरागमनाय च' म्हणतो तेव्हा गेला तोच परत यावा असं म्हणत असतो, त्या शब्दात 'तोच' पक्का आहे, त्यामुळे जुना ट्रॅक, जुना कलाकार यांना तो लागतो. पण 'गोवा ट्रान्सचं पुनरागमन' असं मोघम लिहिलंत तर वाचक विचारणार, परत आला म्हणजे कुठे आला, गोव्यात? आणि उत्तर आहे की मुख्यतः युरोपात. येणं म्हटलं की ठिकाण लागतंच.

'पुनरुज्जीवन'मध्ये वस्तू मूळची असते, तिच्यातली धुगधुगी आपण वाढवतो. नदीचं पुनरुज्जीवन, जुन्या विहिरीचं पुनरुज्जीवन, नदी तीच असते, पाणी परत वाहतं. एखाद्या बंद पडलेल्या नाट्यसंगीत महोत्सवालाही तो शब्द शोभतो. गोवा बाजाला तो अगदीच चूक नाही, लेखाच्या मथळ्यात एकदा वापरलात तर माझी हरकत नाही. पण त्याच्यापुढे 'वादी' लावू नका. 'पुनरुज्जीवनवादी' म्हटलं की मराठीत एकोणिसाव्या शतकातला सुधारकांशी चाललेला वाद येतो, विष्णुशास्त्री चिपळूणकर येतात, जुनं ते श्रेष्ठ म्हणून भांडणारी एक भूमिका येते. सनट्रिपची पोरं असली कुठलीही भूमिका घेऊन बसलेली नाहीत, त्यांना त्या चाली आवडतात आणि तशा चाली कुणी करत नव्हतं म्हणून ते करायला लागले. त्यांच्या गळ्यात ही माळ घालणं अन्याय आहे. (आणि शुद्धलेखन सांभाळा, पुनर् अधिक उज्जीवन, म्हणून पुनरुज्जीवन, 'पुनर्ज्जीवन' असं बरेच जण टाइप करतात ते नको.)

माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे नामाचा नादच सोडा आणि क्रियापद वापरा. 'साधारण २००४ पासून जुन्या गोवा बाजाचा ट्रान्स परत बनायला लागला.' किंवा 'नव्वदीत मागे पडलेला गोवा बाज बेल्जियम, स्वीडनमधल्या नव्या संगीतकारांनी पुन्हा हातात घेतला.' मराठीत असं वाक्य धावतं, आणि कोण, कधी, काय हे तिन्ही सांगावं लागत असल्यामुळे लिहिणाराही मोघम राहू शकत नाही. मोठी मोठी नामं एकापुढे एक रचली की ऑफिसच्या परिपत्रकासारखं वाटायला लागतं, नाचायच्या म्युझिकवर लिहिताना तर ते फारच खटकतं.

इंग्रजीत 'निओ-गोवा' म्हणतात त्याला 'नवगोवा' करावं का असंही पुढे मनात येईल. शब्द दिसायला गोड आहे पण ती जागा भरलेली आहे, पोर्तुगीजांनी १८४३ मध्ये पणजीला राजधानी करताना तिला 'नोव्हा गोवा' नाव दिलं होतं, त्यामुळे गोव्याचा इतिहास माहीत असलेला वाचक अडखळेल. 'नवा गोवा बाज' असं सुटं लिहिलं की प्रश्न मिटतो.

'ट्रान्स'चं भाषांतर मात्र करू नका. तंद्री, समाधी हे शब्द अवस्थेचे आहेत, कोकणात ढोल घुमायला लागला की अंगात अवसर येतो म्हणतात तोही अवस्थेचाच, आणि नाचणाऱ्याचं काय होतं ते सांगताना हे सगळे बिनधास्त वापरा, 'पहाटेपर्यंत तंद्री लागते' यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचत नाही. पण संगीतप्रकाराचं नाव म्हणून ट्रान्स हाच शब्द, जॅझला आपण जॅझ म्हणतो तसा.

लिंगाचं तुम्ही विचारलं नाहीत पण लेखात अडेल म्हणून सांगतो. 'ट्रान्स वाजतो' आणि 'ट्रान्स वाजतं' दोन्ही कानावर येतं, दुसऱ्यात मनातल्या मनात 'म्युझिक' धरलेलं असतं. मी पुल्लिंगी वापरतो, तुम्ही काहीही वापरा पण एका लेखात एकच ठेवा. 'ट्रान्साचा' करू नका, 'ट्रान्सचा'. 'गोवा'चं सामान्यरूपही या नावात होत नाही, 'गोवा ट्रान्सचा', 'गोवा बाजाचा'. जिथे खरोखर त्या भूमीबद्दल बोलताय तिथे 'गोव्याचा', 'गोव्यातला', म्हणजे 'गोवा ट्रान्स गोव्यात घडला' या वाक्यात दोन्ही रूपं शेजारी शेजारी बरोबर आहेत. आणि 'गोआ' नको, आपल्याकडे तिथे 'व' आहे.