संविधान शिकवणाऱ्या शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण: अख्खं संविधान नको, एकच अनुच्छेद घ्या

तुमचा प्रश्न असा: आमच्या केंद्रातल्या (जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) माध्यमिक शाळांच्या २५-३० इतिहास-नागरिकशास्त्र शिक्षकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, पण दरवेळी पीपीटी आणि भाषणांतच दिवस जातो, वेगळं काय करता येईल?

माझं मत स्पष्ट आहे. विषय एकच अनुच्छेद ठेवा आणि तो मसुद्यापासून न्यायालयापर्यंत नेऊन दाखवा. संविधानाची ‘ठळक वैशिष्ट्यं’ शिक्षकांना पाठ असतात. वर्गात अडतं ते ‘असंच का लिहिलं?’ या प्रश्नाशी, आणि त्याचं उत्तर मूळ कागद वाचल्याशिवाय येत नाही.

मी अनुच्छेद २१ निवडेन. जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हा अनुच्छेद दोन-तीन ओळींचा आहे, पण त्यातल्या ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ या शब्दांवर संविधान सभेत जोरदार वाद झाला. मसुदा समितीने ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ (कायद्याची न्याय्य प्रक्रिया) हे अमेरिकी शब्द काढून हे शब्द घातले होते. ६ डिसेंबर १९४८ ला मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जुने शब्द परत आणण्याची दुरुस्ती मांडली. मसुदा समितीतले कन्हैयालाल मुन्शी त्याच बाजूचे. त्याच समितीतले अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरोधात. १३ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके सांगितले आणि निर्णय सभागृहावर सोपवला. दुरुस्ती फेटाळली गेली. पण विषय मिटला नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये आंबेडकरांनी आजचा अनुच्छेद २२ आणला: अटकेची कारणं सांगायची, वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. पुढे १९५० च्या गोपालन खटल्यात (प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेबद्दलच्या) सर्वोच्च न्यायालयाने ‘कायदा’ म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, एवढाच अर्थ घेतला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात, जप्त केलेल्या पासपोर्टवरून, ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे असं ठरलं. १९४८ मध्ये हरलेला मुद्दा तीस वर्षांनी दुसऱ्या दाराने आत आला. नववी-दहावीच्या मुलांना हे नक्की समजतं.

आता तयारी. चर्चेचे खंड इंग्रजीत आहेत आणि लोकसभेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आख्खी भाषणं देऊ नका. ६ आणि १३ डिसेंबरच्या चर्चेतले मिळून दोन पानांचे उतारे निवडा, आधीच मराठीत करून घ्या, शेजारी मूळ इंग्रजी ठेवा. हमखास फसगत होते ती क्रमांकांची. आजचा अनुच्छेद २१ फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात १५ क्रमांकाचा होता. आजचा १५ (भेदभावास मनाई) तेव्हा ९ होता, आजचा १७ (अस्पृश्यता) ११ होता, आजचा ३२ (हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद) तेव्हा २५. हे माहीत नसलं की शिक्षक ‘अनुच्छेद १५’ शोधतात आणि भलतीच चर्चा छापून आणतात. उताऱ्यांच्या वर दोन्ही क्रमांक ठळक लिहा.

दर पाच जणांच्या गटाला ‘भारताचे संविधान’ची एक मराठी प्रत हवी. प्रत नवी आहे का, हे ओळखायला १५(६) आणि ३३०क उघडून बघा. पहिलं २०१९ च्या १०३ व्या दुरुस्तीने आलं, दुसरं २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने. नसतील तर प्रत जुनी. तळटिपा कशा वाचायच्या, हे सकाळीच दाखवा. उद्देशिकेतल्या ‘समाजवादी धर्मनिरपेक्ष’ या शब्दांखालची टीप पाहिली की ते ४२ व्या दुरुस्तीने आले आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाले, हे शिक्षक स्वतः शोधतात.

दिवसाची सुरुवात २० मिनिटांच्या दहा विधानांनी करा: बरोबर की चूक, नाव लिहायचं नाही. मतदान हा मूलभूत हक्क आहे (नाही, अनुच्छेद ३२६ मूलभूत हक्कांच्या भागात नाही). मालमत्तेचा हक्क मूलभूत आहे (४४ व्या दुरुस्तीने वगळला, आता ३००क). मूलभूत कर्तव्यं दहा आहेत (२००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरा झाली). २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधानातलं काहीच लागू झालं नाही (नागरिकत्व, निवडणूक आयोग असे काही अनुच्छेद त्याच दिवशी लागू झाले, अनुच्छेद ३९४ वाचा). सदस्यांनी सह्या २६ जानेवारीला केल्या (२४ जानेवारी १९५०). उत्तरं तुम्ही सांगू नका, प्रतीतून शोधायला लावा. यात तासभर गेला तरी जाऊ द्या.

मग उतारे. अर्ध्या गटांना ‘ड्यू प्रोसेस’ची बाजू द्या, उरलेल्यांना विरोधी. ४० मिनिटं वाचन, ३० मिनिटं मांडणी, मग बाजू बदला. ही बदलाबदली वगळू नका. ती नसेल तर नुसता वाद होतो आणि वाचन मागे पडतं. इथे ‘राज्य’ या शब्दाचा घोटाळाही निस्तरा. मूलभूत हक्कांच्या भागातल्या ‘राज्य’ या शब्दात अनुच्छेद १२ नुसार केंद्र सरकार, संसद, नगरपालिका, जिल्हा परिषद सगळं येतं. मुलं त्याचा अर्थ ‘महाराष्ट्र राज्य’ असा लावतात, आणि शिक्षकही कधीकधी.

अभिरूप न्यायालय ठेवण्याचा मोह टाळा. कोट आणि टेबलं मांडण्यात दीड तास जातो, संवाद चारच जण म्हणतात.

दुपारी प्रत्येकाने ३५ मिनिटांच्या तासाचं टाचण करावं: चार ओळींचा एक उतारा, तीन प्रश्न, एक लेखी काम. तिसरा प्रश्न कायद्याचा परिणाम विचारणारा हवा: ‘हे शब्द नसते तर रात्री अटक झालेल्या माणसाला काय मागता आलं नसतं?’ जात, आरक्षण यांवर वर्गात प्रश्न येणारच. तिथे एक नियम आधी ठरवून द्या: उदाहरण कागदातलं किंवा खटल्यातलं, वर्गातल्या मुलाचं किंवा त्याच्या घरचं कधीही नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सुचवला आहे. तुमच्या या दिवसात त्यातले सहा होतील. पुढचे दोन तास तीन आठवड्यांनी येणाऱ्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) मागून घ्या. येताना प्रत्येकाने त्याच लेखी कामाच्या सहा वह्या आणायच्या: दोन चांगल्या, दोन मधल्या, दोन जिथे मूल अडकलं. त्या शेवटच्या दोन वह्यांपासून सुरुवात करा आणि मूल नेमकं कोणत्या शब्दावर थांबलं ते शोधा. बहुतेक वेळा तो शब्द ‘कार्यपद्धती’ असतो, आणि मग त्याच बैठकीत अटकेचं उदाहरण घेऊन तो शब्द उलगडण्याची दहा मिनिटांची कृती तयार करता येते.