आधी बंद हापसे बघ

प्रिय मुली,

पाण्याच्या कामासाठी चार आठवडे युगांडाला जायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. संस्थेचा कार्यक्रमही पाहिला: नवी बोअर, त्यावर पंप, शाळेत हात धुण्याचे धडे, शेवटी उद्घाटन. जाण्याआधी काय शिकू, असं तू विचारलंस. नव्या बोअरचा विचार करण्याआधी आसपासचे बंद हापसे बघ आणि ते का बंद पडले ते विचारायला शीक.

तिथला पंप तुला ओळखीचा वाटेल. युगांडात ज्याला यू-टू म्हणतात, तो आपल्या इंडिया मार्क टूवरूनच केलेला. आणि मार्क टूचं मूळ आपल्याच जालना-सोलापूरकडे. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप गावभराच्या हापसण्याने मोडायचे, म्हणून मिशनऱ्यांच्या वर्कशॉपांत मजबूत पोलादी पंप घडले. १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यांवरून मार्क टू तयार झाला.

पण पंप दणकट असून भागत नाही. युगांडात अनेक ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. पाण्याचा सामू (पीएच) ६.५च्या खाली असला की जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपावरचा तो थर झिजतो, आतलं लोखंड गंजतं आणि लाल पाणी येऊ लागतं. चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग पडतात, तोंडाला लोखंडाची चव येते. मग बायका पिवळे जेरीकॅन घेऊन पुन्हा झऱ्याकडे नाहीतर दलदलीकडे वळतात. हापसा चालू असतो, पण त्यावर कुणी येत नाही. अशा जागी पुन्हा जीआय पाइपच उतरवला तर काही काळाने तेच होणार. तिथे स्टेनलेस स्टील किंवा पीव्हीसी लागतं, आणि ते पाइपांची ऑर्डर जाण्याआधीच ठरायला हवं.

तिथे गेलीस की त्या भागातल्या हापसा-मेकॅनिकला गाठ. यू-टूचा साधा कप वायसर (पाणी वर ओढणारी आतली वाटीसारखी चकती) बदलायचा तरी खालचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. ते काम अंगमेहनतीचं आहे आणि ते त्यालाच येतं. त्याच्या हाताखाली उभी राहा, पाइप धर, आणि त्या दिवसांची मजुरी संस्थेने त्याला द्यावी यासाठी भांड. माझ्या मते तुझ्या चार आठवड्यांचा सगळ्यात चांगला उपयोग हाच.

पाणी भरणाऱ्या बायकांशी वेगळं बोल. सभेत बहुतेक वेळा पुरुषच बोलतात. हापशाच्या समितीकडे दुरुस्तीचे पैसे जमतात का, सुटे भाग कुठल्या गावाहून आणावे लागतात, हे हापशावरच खरं कळतं. मुलांचे फोटो काढण्याआधी त्यांच्या आयांना विचार.

तिकीट काढण्याआधी संस्थेला एवढं लिहून विचार: त्या जागच्या पाण्याचा सामू तपासलाय का, पाइप कुठला वापरणार, मागच्या पाच वर्षांत बसवलेले पंप आज चालू आहेत का, आणि दुरुस्ती कोण करतं. उत्तर आलं की मला पाठव. ते पाहूनच जायचं की दुसरी संस्था शोधायची, ते ठरवू.

तुझे,
सर