कोथरूडचा फ्लॅट आणि एव्हनकाठचं गवती छपराचं घर

प्रश्न : आम्ही दोघं आणि बारा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याने राहतो. आता शांत खेड्यात स्वतःचं घर हवंय. वूस्टरशरमध्ये पर्शोर आणि ईव्हशमच्या मधल्या एका गावात गवती छपराचं, ग्रेड टू लिस्टेड (सरकारच्या वारसा यादीतलं) घर ४,२५,००० पौंडांना मिळतंय. शिल्लक १,१०,००० पौंड आहे. त्यातले ८५,००० भरून बाकीचं कर्ज काढू. हप्ता आत्ताच्या भाड्याएवढाच, १,७०० पौंडांच्या आसपास बसतो. ऑफिस रेडिंगलाच, आठवड्यातून दोन दिवस. कोथरूडला माझ्या नावावर फ्लॅट आहे. २०१२ साली ४८ लाखांना घेतला, आज ९० लाख येतील. महिना २२ हजार भाडं येतं, तो विकायचा नाही. इथलं पहिलंच घर म्हणून स्टॅम्प ड्युटी ६,२५० धरली आहे. घेऊ का?

उत्तर : नऊ वर्षं दुसऱ्याच्या घरात काढल्यावर स्वतःचं अंगण दिसलं की जीव तिथेच अडकतो, हे मी समजू शकते. तरीही या हिशेबावर हे घर आत्ता घेऊ नका. तुमचा हिशेब कोथरूडमुळे चुकलाय.

इंग्लंडच्या कायद्यात ‘पहिलं घर’ म्हणजे जगात कुठेही घेतलेलं पहिलं घर. पुण्यात फ्लॅट आहे, म्हणजे ती सवलत तुम्हाला नाही. ४,२५,००० वर साधी स्टॅम्प ड्युटी ११,२५० पौंड होते. त्याहून मोठा फटका पुढे आहे. दुसरं घर घेणाऱ्याला ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून पूर्ण किमतीवर पाच टक्के जादा भरावे लागतात, आणि परदेशातलं ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घरही त्यात मोजतात. तुमचा फ्लॅट त्याच्या बराच वर जातो. म्हणजे आणखी २१,२५०. एकूण ३२,५००. तुम्ही धरले होते ६,२५०. डाउन पेमेंट आणि ही ड्युटी मिळूनच १,१७,५०० होतात, म्हणजे वकील, सर्व्हे आणि सामानाचा ट्रक यायच्या आधीच तुमची शिल्लक संपते.

यावर लोक दोन वाटा सुचवतील. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घ्या, ही पहिली. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोची घरं या जादा ड्युटीसाठी एकत्रच मोजतात, त्यामुळे फ्लॅट हातात असेपर्यंत तिचा उपयोग नाही. दुसरी, फ्लॅट आईच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका. भारतात त्यावर कर लागत नाही हे खरं, पण तुम्ही ब्रिटनचे करदाते आहात, आणि तिथे आईला दिलेलं बक्षीस बाजारभावाने विकल्यासारखं धरतात. पैसा हातात न येता कर भरायची पाळी येईल. ‘आधी घ्या, तीन वर्षांत जुनं विका, परतावा मिळेल’ असंही कुणी सांगेल. तो परतावा तुम्ही अलीकडे स्वतः राहत असलेल्या घरासाठी आहे, भाड्याने दिलेल्या फ्लॅटसाठी नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आधी कोथरूड विका, मग इथे घ्या. ‘परत जायचं झालं तर’ म्हणून तो फ्लॅट ठेवावासा वाटतो. त्या भावनेची किंमत मात्र बघा. २२ हजार रुपये म्हणजे दोनशे पौंडांच्या आत, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि दोन्हीकडचा कर जातो. विकलात तर ४२ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि उपकर धरून साधारण साडेपाच लाख भारतात भरावे लागतील. रुपया घसरल्यामुळे पौंडात मोजलेला नफा बराच लहान दिसतो आणि भारतात भरलेला कर इथे वजा मिळतो, त्यामुळे ब्रिटनमध्ये फारसं काही भरावं लागू नये. उरलेल्या रकमेतले ६०,००० पौंड जरी घरात घातले, तरी कर्ज ३,४०,००० वरून २,८०,००० वर येतं. साडेचार टक्के दर आणि तीस वर्षं धरली तर हप्ता १,७२० वरून १,४२० होतो. दरमहा तीनशे पौंडांचा श्वास मिळतो.

एक सांभाळा. अनिवासी विक्रेता असला की खरेदीदाराला पूर्ण किमतीवर टीडीएस कापावा लागतो. अधिभार धरून तुमचे बारा-तेरा लाख अडकतील. करारनाम्याच्या आधीच सीएकडून कमी करकपातीचा दाखला काढून घ्या.

पत्नीच्या नावावर कुठेच घर नसेल तर त्यांचं लाइफटाइम आयसा (सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) आजच उघडा (वय चाळिशीच्या आत असेल तरच उघडता येतं). वर्षाला ४,००० पर्यंत भरले की सरकार २५ टक्के वर घालतं, आणि बारा महिन्यांनंतर ४,५०,००० पर्यंतच्या पहिल्या घरासाठी ते वापरता येतात. नवऱ्याचा जुना फ्लॅट यात आड येत नाही. पण माहेरच्या घराच्या उताऱ्यावर वारस म्हणून त्यांचं नाव लागलंय का, हे आधी फोन करून विचारा. वारसाहक्काचा हिस्साही घरच धरतात.

आता गावाकडे. तिकडच्या बऱ्याच गावांत पाइपचा गॅस नाही, कुंपणामागे रॉकेलची हिरवी टाकी असते. माझ्याकडच्या एका कुटुंबाने डिसेंबरात ताबा घेतला. पहिल्या रात्री टॉर्च घेऊन टाकीवरची मापनळी बघितली, तर तळाला बोटभर तेल होतं. पुरवठादार साधारण पाचशे लिटरखाली येत नाहीत, आणि या तेलाला सरकारी दरमर्यादेचं संरक्षण नाही. तेल येईपर्यंतचे तीन दिवस त्यांनी एका खोलीत हीटरपाशी काढले. तुम्ही ताबा घेताना विकणारा टाकीत किती तेल सोडणार, हे वकिलाकडून लेखी घ्या.

एव्हन नदीचं पाणी हा त्याहून मोठा विषय. जुलै २००७ च्या पुरात ईव्हशम, पर्शोर हा सगळा पट्टा पाण्याखाली होता. एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा नकाशा बघाच, पण शेजाऱ्यालाही विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो हात वर करून भिंतीवर दाखवेल. विम्याचा आकडा ऑफर देण्याआधी मागवा. गवती छपराला विमा कंपन्या आणि कर्ज देणाऱ्या बँका दोन्ही कमी मिळतात, आणि छपराचा माथा दहा-पंधरा वर्षांनी नव्याने बांधावा लागतो. लिस्टेड घरात आधीच्या मालकाने परवानगीशिवाय खिडक्या बदलल्या असतील तर ते निस्तरणं तुमच्या गळ्यात पडतं, त्याला मुदत नाही. लेव्हल थ्री सर्व्हेचे, म्हणजे घराच्या सर्वांत सखोल तपासणीचे, पैसे वाचवू नका.

खर्चात दुसरी गाडी धरा. रेडिंगला थेट रेल्वे आहे, पण तो मार्ग काही ठिकाणी अजून एकेरी आहे, एक गाडी अडली की मागची थांबते. मुलाच्या शाळेची बस जवळची योग्य शाळा तीन मैलांपलीकडे असेल तरच फुकट. आवडीची दूरची निवडलीत तर भाडं तुमचं.

फ्लॅट विकायला सहा-आठ महिने लागतील. तोवर पर्शोरला किंवा जवळच्या गावात ऑक्टोबर ते मार्च भाड्याने राहा. चार वाजता अंधार पडतो, शेवटची बस निघून गेलेली असते, आणि मित्र रेडिंगला. त्या दिवसांतही पत्नीला आणि मुलाला गाव आवडलं, तर वसंतात घर शोधायला निघा. इथे करारांची अदलाबदल होईपर्यंत विसार द्यावा लागत नाही आणि कुणी बांधलेलंही नसतं. तुम्ही ऑफर दिली असेल तर एजंटला आजच कळवा, म्हणजे समोरच्यालाही पुढचं बघता येईल.