कॉलेजच्या रकान्यात काय टाकू, असं विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न काल रात्री झोपताना वाचला आणि मग कसली झोप. वय ३६, सांगलीत ज्युनिअर कॉलेजला ११ वर्षं शिकवतेस, केंब्रिजला पीएचडीचा फॉर्म भरतेयस, नवरा आणि ७ वर्षांचा मुलगा बरोबर येणार, आणि कॉलेजच्या रकान्यात जुनं नावाजलेलं टाकू की ती मोठ्या वयाच्यांची कॉलेजं असतात त्यातलं टाकू, तिथे कमी दर्जाचं समजतात का, असं विचारलंयस. मी २०१८ ला साताऱ्याहून केंब्रिजला आले तेव्हा मीपण ३६ चीच, आणि बरोबर नवरा आणि ७ वर्षांची मुलगी. त्यामुळे क्षणभर वाटलं की हे मीच कधीतरी लिहिलं होतं आणि विसरले. सात-आठ वर्षांनी मोठी आहे म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नको.

व्हिसाचं, फीचं, आयईएलटीएसचं सगळं वेबसाइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही. एवढंच सांगते की तू पीएचडीला येतेयस म्हणून घरच्यांना आणू शकतेस, जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकायच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सवाल्यांना ते बंद झालंय, त्यामुळे कोणी ऐनवेळी "आधी मास्टर्स कर" म्हणालं तर नीट विचार कर. आणि व्हिसाबरोबर भरायचा तो हेल्थ सरचार्ज आमच्या वेळी माणशी वर्षाला १५० पौंड होता, आता ७७६ आहे, तो तिघांचा सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा असतो, तो आकडा नवऱ्याला आजच सांगून ठेव.

कागदपत्रांबद्दल मात्र बोलायचंय कारण अजून डोकं फिरतं. माझी डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. डिग्रीवर "पुणे विद्यापीठ", आणि नंतर काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर "सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ", कारण २०१४ ला नाव बदललं. म्हणजे बाईचंही नाव बदललेलं आणि विद्यापीठाचंही, आणि इकडच्या माणसाला पटवायचं की बाई तीच आणि विद्यापीठही तेच. त्यात आमच्या बँकेने जे इंग्रजी पत्र दिलं त्यात माझ्या नावाआधी "सौ." जसंच्या तसं इंग्रजीत टाइप केलेलं, तर इकडून मेल आला की ही साऊ कोण, हे तुमचं पहिलं नाव पासपोर्टवर का नाही. हसू नको, त्या एका "सौ."पायी नऊ दिवस गेले. आणि ते व्हिसासाठी २८ दिवस सलग खात्यात पैसे ठेवायचं प्रकरण, एफडी मोडून ठेवले होते, एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक लागते त्यापेक्षा चारेक हजारांनी खाली गेली. झालं, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. त्यात कुणाची चूक नव्हती, माझीच. तू आधी सगळे ऑटो डेबिट दुसऱ्या खात्यावर टाक.

आता कॉलेज. आधी हे डोक्यातून काढ की कॉलेज म्हणजे आपल्याकडचं कॉलेज. पीएचडीला तुझा प्रवेश डिपार्टमेंट ठरवतं, गाइड डिपार्टमेंटचा, डिग्री विद्यापीठ देतं. कॉलेज म्हणजे तू राहतेस कुठे, जेवतेस कुणाबरोबर, आणि अडचण आली तर दार कुणाचं वाजवतेस, एवढंच. आणि हे "एवढंच" किती मोठं असतं ते मला फॉर्म भरताना कळलं नाही. अशी ३१ कॉलेजं आहेत, फॉर्मवर पसंतीची दोन टाकता येतात, दोघांनी नाही म्हटलं तर विद्यापीठ तिसरं कुठलंतरी बघून देतं, कॉलेजशिवाय कोणी राहत नाही.

मॅच्युअर स्टुडंट म्हणजे इथे २१ किंवा त्याच्या वरचा. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते, आपल्याकडे २१ च्या पोराला आई अजून डबा भरून देते. पण वुल्फसन, ह्यूज हॉल आणि सेंट एडमंड्स ही तीन कॉलेजं फक्त २१ आणि त्यावरच्यांना घेतात, आणि तिथे तुला चाळिशीचे डॉक्टर, फौजेतून आलेले, तीन पोरांचे बाप असे सगळे भेटतील. डार्विन आणि क्लेअर हॉल ही फक्त पदव्युत्तरवाल्यांची, म्हणजे तिथेही अठरा-एकोणीसची गर्दी नाही. ल्युसी कॅव्हेंडिशबद्दल तुला कोणीतरी "मोठ्या बायकांचं कॉलेज" म्हणून सांगेल, ते जुनं झालं, १९६५ ला ते तसंच सुरू झालं होतं पण आता तिथे नेहमीच्या वयाची मुलं-मुली सगळे येतात.

दर्जाचं विचारलंस म्हणून. ह्यूज हॉल १८८५ चं, शिक्षिका घडवायला काढलेलं, म्हणजे तू अकरा वर्षं जे करतेयस तेच शिकवायला. आम्ही इकडे "जुनं" म्हणतो ते पाचशे-सातशे वर्षांचं, त्यामुळे १८८५ म्हणजे कालचं पोर, पण सांगलीत १८८५ चं कॉलेज असतं तर आपण दाराशी चपला काढून आत गेलो असतो. वुल्फसनला हाय टेबल नाही, म्हणजे प्राध्यापक वर चौथऱ्यावर आणि विद्यार्थी खाली अशी पंगत नाही, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. डिपार्टमेंटमध्ये चार वर्षांत मला एकाही माणसाने कॉलेजवरून जोखलं नाही. कॉलेज कुठलं हे ज्यांनी ज्यांनी विचारलं ते सगळे साताऱ्याचे.

तर मी कसं निवडलं ते सांगते, आणि हे मी नवऱ्यालासुद्धा धड सांगितलेलं नाही. आमच्या सासऱ्यांना रँग्लर परांजप्यांचं फार. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, १८९९ ला केंब्रिजला गणितात पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर, आणि तसा होणारा पहिला भारतीय माणूस, सेंट जॉन्स कॉलेजचा, हे सगळं त्यांना तारखेसकट पाठ. माझा विषय शिक्षणशास्त्र, गणिताचा काही संबंध नाही, तरी मी निघाले तेव्हा म्हणाले, "रँग्लर होऊन ये." चेष्टेतच म्हणाले, पण डोळे भरलेले. आणि मी फॉर्म भरताना सासऱ्यांना गल्लीत काय सांगता येईल याचा विचार करत होते. ज्याचं नाव ऐकून माणूस गप्प होईल असं कॉलेज टाकलं. दोन्ही पसंत्या तसल्याच. नाव सांगत नाही कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्याबद्दल फार चांगलं नाही, आणि सेंट जॉन्स नाही हे आधीच सांगून टाकते.

कॉलेज मिळालं. ऑगस्टच्या अखेरीस मेल आला की कुटुंबासाठीचे फ्लॅट मोजकेच आहेत, यंदा संपले, तुमचं नाव यादीत आहे, एकटीसाठी खोली हवी असेल तर आहे. तिकिटं काढून झाली होती. पीएचडीवाल्याने ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून दहा मैलांच्या आत राहायचं असा विद्यापीठाचा नियम आहे, तर आम्ही त्या दहा मैलांच्या पार कडेला एका खेड्यात दोन खोल्या घेतल्या, माझ्या स्टायपेंडचा निम्म्याहून जास्त तुकडा तिथे जायचा. बस तासाला एक. संध्याकाळी शेवटची लवकर.

फॉर्मल डिनरला मी दोनदा गेले. काळा गाउन, मेणबत्त्या, लॅटिनमधली प्रार्थना, सगळं खरंच सुंदर असतं, खोटं कशाला बोलू. शाकाहारी म्हटल्यावर दोन्ही वेळा मशरूमचं काहीतरी आलं. एका बाजूला २२ चा, दुसऱ्या बाजूला २३ ची, वल्हवण्याबद्दल माझ्या डोक्यावरून बोलत होते, वाईट नव्हती गं पोरं, मला मधेमधे "तुम्ही इथे शिकवता का?" असं अदबीने विचारत. आणि मी घड्याळात बघत होते, शेवटची बस. गाउनमधला फोटो मात्र कुणाकडून तरी काढून घेतला आणि तो साताऱ्याला गेला. सासऱ्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला, कालनिर्णयच्या शेजारी.

आता शाळेचं. इथे शाळा मुलाच्या वयावरून इयत्ता देते आणि १ सप्टेंबरला कट ऑफ. माझ्या लेकीचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला, तर दुसरीतली पोर थेट इयर थ्रीत, वर्गात सगळ्यात लहान, आणि तेही वर्ग सुरू होऊन चार आठवडे झाल्यावर, कारण वर्षाच्या मधे आलात तर अर्ज शाळेकडे नाही, तिथल्या स्थानिक कौन्सिलकडे, आणि खेड्यातली शाळा भरलेली म्हणून जागा मिळाली ती पलीकडच्या गावात. साताऱ्याला सेमी इंग्रजीत होती, पंधरापर्यंत पाढे तोंडपाठ. तिथे काय केलं, तर रोज सकाळी तिला आणि आणखी एका मुलाला वर्गाबाहेर पॅसेजमध्ये एका छोट्या टेबलावर बसवायचे, एक मदतनीस बाई, प्रेमळच, आणि लॅमिनेट केलेली चित्रांची कार्डं. सफरचंद. कप. मांजर. म्हणायचं आणि कार्ड उलटं ठेवायचं. आत वर्गात वजाबाकी चाललेली असायची ती तिला दारातून ऐकू यायची. दहा-बारा दिवसांनी घरी आल्यावर दप्तर काढत मला म्हणाली, "आई, त्यांना वाटतं मला कप माहीत नाही."

मी शाळेत गेले, बोलले, तिथल्या बाई म्हणाल्या तिला रुळायला वेळ देतोय. मी स्वतः शिक्षिका, मुलं पहिली भाषा आणि दुसरी भाषा कशी शिकतात यावरच वाचन करत होते, आणि माझी मुलगी पॅसेजमध्ये. डिसेंबरपर्यंत ते टेबल राहिलं. त्या तीन महिन्यांत ती वर्गात एक शब्द बोलली नाही असं नंतर रिपोर्टमध्ये आलं, "शांत आणि गुणी मुलगी" असं. शांत! आमच्या वाड्यात तिला लोक रेडिओ म्हणायचे.

हे कॉलेजमुळे झालं का? नाही म्हणेन. शाळा कुठेही अशी निघू शकते. पण माझ्याबरोबरची एक कोलंबियाची मुलगी (मुलगी कसली, ४१ ची होती) मोठ्या वयाच्यांच्या एका कॉलेजात होती, तिचं बिऱ्हाड कॉलेजच्याच फ्लॅटमध्ये, आसपास आठ-दहा पोरं सात-आठ भाषांची, आधी आलेल्या आयांनी सांगितलेलं की कुठल्या शाळेत जागा आहे, कुठली नव्या पोरांना वर्गातच बसवते. ते ज्ञान कुठल्या वेबसाइटवर नसतं गं, ते वॉशिंग मशीनच्या खोलीत मिळतं. मी एकदा लेकीला घेऊन तिच्याकडे जेवायला गेले, कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्येच, तर तिथे कोपऱ्यात लहान मुलांच्या उंच खुर्च्या रचून ठेवलेल्या. त्या खुर्च्या बघून मला रडू आलं आणि मी लेकीला सांगितलं की सूपमध्ये मिरची आहे.

नवऱ्याचं थोडक्यात. एमआयडीसीत प्रॉडक्शन बघणारा माणूस, खाली चाळीस माणसं, इथे पहिली दोन वर्षं सुपरमार्केटला रात्री माल लावायचा. कधी बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. आता ठीक आहे, बरी नोकरी आहे. तुझ्या नवऱ्याशी यावर आत्ताच बोल, विमानतळावर नको.

एकटेपणा वाटतो का असं शेवटी विचारलंयस. वाटतो, जातो, पोळ्या लाटायला लागलीस की कमी होतो. मिल रोडला कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं, काळजी नको.

लेक आता १४ ची आहे, वर्गात चुरूचुरू बोलते, आजीने फोनवर मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याला गेलो तेव्हा त्या गाउनच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, त्या दिवशी मी कुठे होते? मी म्हटलं घरी, बाबांबरोबर. ती म्हणाली, बाबा तर कामावर असायचे ना रात्री. आणि मला आठवेचना. खरंच आठवत नाही त्या रात्री ती कुणाकडे होती, बहुतेक खालच्या घरमालकीणबाईंकडे. तेव्हापासून ते डोक्यात आहे आणि तू नेमकं कॉलेजचंच विचारलंस.

तर फॉर्म भरायच्या आधी चार-पाच कॉलेजांना साधा मेल टाक. कुटुंबाचे फ्लॅट किती, यंदा किती रिकामे होणार, यादी कशी लागते, मुलाला डायनिंग हॉलमध्ये रोज आणता येतं की फक्त रविवारी, आणि मुलं असलेल्या एखाद्या सध्याच्या विद्यार्थ्याशी बोलायला मिळेल का. उत्तर कोण देतं आणि किती दिवसांत देतं तेही बघ. माझ्या वेळी मी हे विचारलंच नव्हतं, मला वाटलं असं विचारणं बरं दिसत नाही. दुसरी पसंतीही मनापासून भर, मिळेल ती कदाचित तीच. आणि मुलाचा वाढदिवस कधीचा ते कळव, कुठल्या इयत्तेत बसेल ते मी सांगते.