पहिल्यांदा वादविवादाला उभं राहताना

भाषण पाठ करू नकोस, हे आधीच सांगतो. मी केलं होतं. समोरच्याने माझा मुख्य मुद्दा माझ्या आधीच मोडीत काढला आणि मी तरीही उठून तोच मुद्दा, हातवाऱ्यांसकट, म्हणून दाखवला. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

त्यापेक्षा कागदाला मधोमध उभी घडी घाल. डावीकडे समोरचा काय म्हणाला ते तीन-चार शब्दांत, उजवीकडे त्याच्याच समोर तुझं उत्तर. उजवीकडे जिथे कोरं राहिलं, तिथेच तू अडकणार. उठण्याआधी तेवढं भर. पूर्ण वाक्यं लिहीत बसलास तर ऐकायचंच राहून जातं.

ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत चार संघ असतात, प्रत्येकी दोन वक्ते. विषय कळल्यावर तयारीला साधारण १५ मिनिटं, बोलायला ७. पहिलं आणि शेवटचं मिनिट तुझं. मधल्या वेळात विरोधी बाजूचे लोक प्रश्न विचारायला उठतात. एक-दोन घे, बाकीच्यांना हातानेच बसव. एकही प्रश्न न घेणारा घाबरलेला दिसतो (बहुतेकदा असतोही).

खोडण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याने मांडला त्याहून नीट मांड. दुबळा करून खोडलास तर टाळ्या पडतील, गुण नाही.

आवाज, उभं राहणं वगैरे नंतर बघू. आणि हो, न पटणारी बाजू वाट्याला आली तर कुरकुरू नकोस. माझी बरी भाषणं त्याच बाजूने झाली आहेत.