मेमरी संपली की कर्नल मायएसक्यूएलचाच बळी का देतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २ जीबी रॅमचा उबुंटू सर्व्हर, स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही, त्यावर वर्डप्रेस. मायएसक्यूएल या डेटाबेसला १ जीबीचा बफर पूल (टेबलं वाचून रॅममध्ये ठेवायची जागा), पीएचपीचे जास्तीत जास्त २० वर्कर, म्हणजे साइटचा कोड चालवणाऱ्या प्रोसेस. दिवसभर सगळं सुरळीत, पण रात्रीचा बॅकअप सुरू झाला की मायएसक्यूएल मरतं आणि त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये एका ओळीचीही एरर नसते. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये मात्र 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' सापडतं. मेमरी नव्हती तर मागणाऱ्यालाच नाही म्हणायचं, चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला, असं तुम्ही विचारलंय.

मागणी आली त्या वेळी तेवढी रॅम मोकळी आहे की नाही, हे कर्नलने मोजलेलंच नसतं. लिनक्सवर प्रोग्रामने १ जीबी मागितली की त्याला मिळतो तो नुसता पत्त्यांचा पट्टा. रॅम अजून जागची हललेली नसते. त्या पट्ट्यातल्या एखाद्या पत्त्यावर प्रोग्राम पहिल्यांदा काही लिहायला जातो तेव्हा पेज फॉल्ट होतो, आणि तेव्हा कुठे कर्नल ४ केबीचं एक खरं पान शोधून तिथे बसवतो. यालाच ओव्हरकमिट म्हणतात. अगदीच अवाच्या सवा मागणी असेल तर कर्नल ती नाकारतो, बाकी सगळ्यांना हो म्हणतो. हा निष्काळजीपणा नाही. बहुतेक प्रोग्राम वापरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त मागून ठेवतात. शिवाय फोर्क केल्यावर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची दुसरी प्रत काढल्यावर, आई आणि मूल दोन्ही प्रोसेस तीच पानं वाटून घेतात, कुणी लिहिलं तरच नक्कल निघते. प्रत्येक मागणीमागे खरी रॅम बाजूला काढून ठेवायची म्हटलं तर बरीच रॅम कायम नुसती पडून राहील.

आता नकाराचं बघा. मॅलॉकला, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरी मागण्याच्या कॉलला, नकार देता येतो, प्रोग्रामला नल (रिकामा पत्ता) मिळतो आणि तो काहीतरी मार्ग काढतो. पण पान बसवायची वेळ येते तेव्हा प्रोग्राम एखाद्या साध्या व्हेरिएबलमध्ये किंमत लिहीत असतो. तिथे 'जमणार नाही' हे उत्तर परत पाठवायला जागाच नाही. शब्द आधीच देऊन झालेला असतो, त्यामुळे एक तर पान द्यायचं, नाही तर कुणाला तरी मारून ते मिळवायचं.

तुमचं सगळं रात्रीच का घडतं, तेही यातूनच कळतं. मायएसक्यूएल १ जीबीचा पट्टा सुरू होतानाच घेतं, पण टेबलं वाचली जातील तसतसा तो भरतो. दिवसा साइटला लागतात तेवढीच पानं आत येतात. बॅकअप मात्र प्रत्येक टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि दिवसभर कागदावर राहिलेली मेमरी तासाभरात खरीखुरी खर्च होते. वर पीएचपीचे वर्कर. एकेक ५० एमबीचा धरला तरी २० वर्करचे १ जीबी झाले. म्हणजे २ जीबी इथेच संपले, ऑपरेटिंग सिस्टिमला काहीच उरलं नाही.

मारण्याआधी कर्नल बराच खटाटोप करतो. मोकळी पानं ठरावीक पातळीखाली गेली की केस्वॅपडी नावाचा कर्नल थ्रेड जागा होतो आणि पेज कॅश, म्हणजे डिस्कवरून वाचून ठेवलेल्या फाइलींची पानं, रिकामी करायला लागतो. पातळी आणखी घसरली की जी प्रोसेस मेमरी मागते तिलाच थांबवून साफसफाईला जुंपलं जातं. स्वॅप असेल तर फारशी न वापरलेली पानं तिकडे जातात. तुमच्याकडे तो नाही, म्हणून सगळा भार फाइलींच्या पानांवर येतो, आणि त्यात चालू प्रोग्रामचा कोडही असतो. कोडची पानं टाकायची आणि लगेच पुन्हा डिस्कवरून वाचायची, असं चक्र सुरू होतं. स्वॅप नसतानाही मशीन मिनिटन् मिनिटं गोठल्यासारखं होतं ते यामुळे. एवढं करूनही हाती काही लागेना, तर ओओएम किलरची, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाची, पाळी.

त्याचा हिशोब साधा आहे. प्रत्येक प्रोसेसची रॅममधली पानं, स्वॅपमधली पानं आणि पेज टेबलांची (कोणत्या पत्त्यावर कोणतं पान, याच्या नोंदींची) पानं यांची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी तो गेला. २०१० सालच्या २.६.३६ आवृत्तीपासून साधारण हेच सूत्र आहे. त्याआधी प्रोसेस किती वेळ चालली, तिने सीपीयू किती खाल्ला असंही धरत, आणि कोण मरेल याचा अंदाज बांधणं कठीण व्हायचं. आताची पद्धत मला जास्त पटते, कारण एका फटक्यात सर्वाधिक जागा मोकळी होते आणि निकाल आधी सांगता येतो. पण ती बघते एकेका प्रोसेसकडे. तुमचे २० वर्कर मिळून मायएसक्यूएलएवढीच रॅम खात असतील, तरी एकेकटा वर्कर यादीत पार खाली राहतो. मायएसक्यूएल एकसंध आहे, म्हणून तेच वर दिसतं.

मारताना सिगकिल हा तात्काळ संपवणारा सिग्नल जातो. तो प्रोसेसला अडवता येत नाही, लॉगमध्ये शेवटची ओळ लिहायलाही सवड मिळत नाही. तुमच्या एरर लॉगचं कोडं इथे सुटतं.

आता उपाय. नेटवर पहिला सल्ला मिळतो तो मायएसक्यूएलचा ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्ट (वरची बेरीज कमी-जास्त करणारा आकडा) उणे १००० करण्याचा. मी तो करू नका म्हणेन. उणे १००० म्हणजे त्या प्रोसेसला पूर्ण अभय, आणि इथे वाढतंय ते मायएसक्यूएलच. मग दुसऱ्याच प्रोसेस एकामागून एक मरतील आणि तुटवडा तसाच राहील. द्यायचंच तर उणे २०० द्या. या आकड्याचं एक एकक म्हणजे एकूण रॅम आणि स्वॅपचा हजारावा भाग, तुमच्याकडे साधारण २ एमबी. म्हणजे ४०० एमबीची सूट झाली, तेवढी पुरे.

ओव्हरकमिट मेमरी ही कर्नलची सेटिंग २ करून मागण्यांना कडक हिशोब लावा, असंही कुणी सांगेल. पोस्टग्रेस या डेटाबेसचं डॉक्युमेंटेशन ते सुचवतं, आणि फक्त डेटाबेस चालणाऱ्या मोठ्या मशीनवर ते योग्यच आहे. तुमच्या मशीनवर स्वॅप नाही आणि ओव्हरकमिट रेशो, म्हणजे रॅमचा किती टक्के भाग वाटायचा तो आकडा, मुळातच ५० असतो, त्यामुळे एकूण मर्यादा येईल १ जीबी. मायएसक्यूएल सुरू व्हायचीही मारामार होईल.

खरा उपाय बेरीज आवाक्यात आणण्याचा. बफर पूल ५१२ एमबी करा, वर्कर ८ वर आणा, १ जीबी स्वॅप जोडा. मग सिस्टिमडी (सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) मध्ये पीएचपीच्या सर्व्हिसला मेमरीमॅक्स, म्हणजे कमाल मेमरीची मर्यादा, ६०० एमबी लावा. ही मर्यादा ओलांडली गेली की बळी त्या सर्व्हिसच्या प्रोसेसमधलाच निवडला जातो, मायएसक्यूएलला कुणी हात लावत नाही. सोबत ओओएमपॉलिसी कंटिन्यू ठेवायला विसरू नका. ती मुळात स्टॉप असते, म्हणजे एक वर्कर मेला तरी सिस्टिमडी अख्खी पीएचपी सर्व्हिस बंद करतो. कंटिन्यू असेल तर पीएचपीची मुख्य प्रोसेस मेलेल्या वर्करच्या जागी नवा उभा करते.

आणि एक करा. कर्नल लॉगमध्ये 'किल्ड प्रोसेस'च्या वर 'अमुक इन्व्होक्ड ओओएम-किलर' अशी ओळ असते. तिथलं नाव फक्त शेवटचं पान मागणाऱ्याचं असतं, त्याच्यामागे लागू नका. त्याखाली सगळ्या प्रोसेसचं टेबल छापलेलं असतं, ते वाचा. त्यातला आरएसएस, म्हणजे प्रोसेसने रॅममध्ये खरोखर व्यापलेली जागा, पानांमध्ये असतो, ४ ने गुणलं की केबी मिळतात. टोटल व्हीएमचा मोठा आकडा पाहून घाबरू नका, तो नुसत्या पट्ट्यांचा आहे. पीएचपीच्या ओळींचे आरएसएस आकडे इथे टाकलेत तर ८ वर्कर परवडतील की ५ च ठेवायचे, ते सांगतो.