पावसाळी ट्रेकसाठी चाकू: पातळ पातं घ्या, कोरडं ठेवा

तुमचे प्रश्न तीन: साताऱ्याकडच्या पावसाळी ट्रेकला आणि रोज खिशात ठेवायला कोणता चाकू घ्यावा, मुठीत होकायंत्र असलेला ‘सर्व्हायव्हल’ चाकू कसा, आणि आधीचं पातं एका पावसाळ्यातच का गंजलं.

होकायंत्रवाला घेऊ नका. मूठ पोकळ असली की पात्याचं शेपूट (मुठीत जाणारा भाग) तोकडं राहतं, सगळा भार एका नटावर किंवा वेल्डवर येतो आणि चाकू तिथेच मोडतो. शिवाय त्याचं पातं ४-५ मिमी जाड. असल्या पात्यानं गाजर कापलं जात नाही, फुटतं. ट्रेकवर आपण कापतो काय? दोरी, कांदा, टोमॅटो, पाकिटं, फार तर चिकटपट्टी. त्याला ८ ते १० सेंमी लांब आणि २ ते २.५ मिमी जाड पातं भरपूर झालं. लाकूड फोडायचंच असेल तर लोहाराकडून कमानपाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता करून घ्या. चाकूच्या पाठीवर दांडकं हाणत बसू नका.

बिनघडीचा हवा असेल तर मोरा कंपॅनियन, स्टेनलेस प्रकार. पातं साधारण १०.४ सेंमी, जाडी २.५ मिमी, शेपूट मुठीत खोलवर गेलेलं आणि म्यान प्लास्टिकचं. खिशासाठी व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिमीचा कुठलाही साधा चाकू. त्याच्या पात्याला लॉक नसतो, त्यामुळे टोक कशातही खुपसायचं नाही, पातं बोटांवर मिटतं. ओपिनेल नंबर ८ (पातं ८.५ सेंमी) कापायला फार सुरेख, पण त्याची मूठ लाकडी. महाबळेश्वर-कोयनेच्या पावसात लाकूड फुगतं आणि पातं खाचेतच अडकतं. तसं झालं तर नखानं ओढू नका. आधी पातं पक्कं करणारं फिरतं कडं उघडं आहे ना बघा, मग मुठीचं मागचं टोक लाकडावर ठोका, पातं थोडं वर येतं. नंतर सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या; उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की मूठ तडकते. पावसाळ्याआधी मुठीला जवसाच्या तेलाचे दोन हात आणि सांध्यात थोडं व्हॅसलिन, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

आता गंज. बहुधा तुमचा चाकू कार्बन स्टीलचा असावा आणि ओला तसाच चामड्याच्या म्यानात राहिला असावा. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यंही पात्याला खातात. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत कार्बन स्टील छान टिकतं, घाटमाथ्यावर मात्र रोज पुसावं लागतं. स्टेनलेसलाही घामाचे आणि लिंबाचे डाग पडतातच. मुक्कामावर पोचलात की पातं धुऊन, पुसून, म्यानाबाहेर ठेवा. घडीचा असेल तर घरी आल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात उघडझाप करा, पूर्ण वाळवा, मग सांध्यात एक थेंब लिक्विड पॅराफिन (मेडिकलमध्ये मिळतं). शेंगतेल किंवा गोडेतेल नको. ते हळूहळू चिकट होतं, त्यावर खिशातला कचरा बसतो आणि चाकू जाम होतो.

धार हा खरा विषय. सायकलवर चाक लावून येणाऱ्या धारवाल्याकडे विळी द्या, चांगला चाकू नको. कोरड्या चाकावर कड तापते. कडेवर निळसर झाक दिसली की तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं समजा. ती धार टिकत नाही.

घरी १००० ग्रिटचा (आकडा जितका लहान तितका दगड खरखरीत) पाण्याचा दगड पुरतो, पातं कडेला तुटलं असेल तरच ४०० चा. दगड दहा मिनिटं पाण्यात बुडवा. कोन २० अंश: पातं २.५ सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण ८-९ मिमी वर धरा. मोराला हे मोजमाप नको, त्याचा रुंद उतार दगडावर पूर्ण टेकवायचा. मुठीकडून टोकाकडे हलक्या हातानं ओढा आणि टोकाच्या गोलाईला मूठ किंचित उचला. टोक दगडावरून खाली घसरू देऊ नका, ते बोथट होतं. एका बाजूनं घासता घासता दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत लागेल, त्याला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. बोट कडेवरून आडवंच फिरवा, कडेच्या लांबीवर कधी नाही. मुठीपासून टोकापर्यंत बर आल्याशिवाय बाजू बदलू नका. बहुतेकांची धार इथंच फसते. मग दुसरी बाजू. शेवटी दाब कमी करत आलटून-पालटून, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं दहा-बारा हात. बर राहिली तर चाकू पहिल्या दिवशी कागद सरसर कापतो आणि दुसऱ्या टोमॅटोला घसरतो.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण सण किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा छोटा चाकूही शहरात खिशात नको. वासोटा किल्ल्याचं तर आणखी वेगळं. तो कोयना अभयारण्यात आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यानालाही तोच नियम. तिथं जाताना काकडी-कांदा घरूनच चिरून डब्यात न्या.